होल सॉ वापरताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीत ड्रिल मशीन घरोघरी आहे, पण होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायचा कपाच्या आकाराचा दातेरी कटर, माझ्याकडेच. त्यामुळे सुट्टीच्या सकाळी "काका, ते मोठं गोल भोक पाडायचं द्या ना जरा" म्हणत कुणी ना कुणी दारात उभं असतं. संध्याकाळी कटर परत येतो तो दाते निळे-काळे पडून, कपात अडकलेल्या चकतीसकट. वर ऐकवतात, "काका, याला धार नव्हती हो." धार होती. सकाळपर्यंत होती.

मशीन फुल स्पीडवर सोडणं

नव्वद टक्के कटर यामुळेच मरतात, असं माझं ठाम मत आहे. साध्या ड्रिल मशीनचा वेग असतो मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास. त्यावर ६ मिमीचा बिट लावला तर त्याची कड मिनिटाला साधारण ५० मीटर अंतर कापते. त्याच मशीनवर ३५ मिमीचा होल सॉ लावून तसाच ट्रिगर दाबलात, तर दाते मिनिटाला ३०० मीटरच्या वर धावतात. कटर जितका मोठा, तितकं मशीन हळू चालवायचं. बाय-मेटल (दोन धातू जोडून बनवलेल्या) कटरच्या पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात हे छापलेलंच असतं. ३५ मिमीसाठी साध्या लोखंडी पत्र्यात सुमारे २५० फेरे आणि स्टेनलेस स्टीलमध्ये त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन. पण पाकीट वाचतो कोण? ते फाडून केराच्या टोपलीत गेलेलं असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका उत्साही मुलाने स्टीलच्या सिंकला नवा मिक्सर नळ बसवायला घेतला. नळाला ३५ मिमीचं भोक लागतं, हे त्याने बरोबर शोधलं होतं. कटरही बाय-मेटल, चांगला. पण यूट्यूबवरचा माणूस दोन मिनिटांत भोक पाडतो, मग आपण का नाही? याने मशीन सुसाट सोडलं आणि वरून अंगाचा सगळा भार दिला. धूर आला, कर्कश आवाज आला आणि सिंकवर एक चकचकीत निळसर कडं उमटलं. भोक नाही. गडी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन दुसरा कटर घेऊन आला आणि तोही त्याच कड्यावर घासून बोथट केला. मग माझ्याकडे.

यात मेख अशी की स्टेनलेस स्टील घासलं की कडक होत जातं. दाता कापत नसेल आणि नुसता घसटत असेल, तर तो खालचा थर आणखी कठीण करून ठेवतो. मग नवाकोरा कटरही तिथे टिकत नाही. म्हणजे हळू चालवायचं, पण दाब मात्र सलग ठेवायचा. कीस निघत राहिला पाहिजे. कीस थांबला की तुम्ही थांबा.

शेवटी त्या कड्यावर कार्बाइडचे दाते असलेला टीसीटी कटर लावला. खालून लाकडाचा ठोकळा टेकवला, कारण पत्रा पातळ असतो आणि दाबाने आत जातो. ट्रिगर अगदी अर्धवट दाबून धरला. टीसीटीचे दाते कठीण, पण ठिसूळ. मशीन जरा तिरकं झालं की तुकडा उडतो, म्हणून दोन्ही हातांनी सरळ धरायचं. तेल म्हणून मी खोबरेल वापरतो. कटिंग ऑइल उत्तमच, पण एका सिंकसाठी डबा कोण आणणार? थंडीत गोठलेलं खोबरेल तर आणखी सोयीचं, ओघळून खाली जात नाही. भोक झालं. "एवढंच होतं?" मुलगा म्हणाला. एवढंच होतं, बाबा.

टाइल आणि ग्रॅनाइटवर दात्यांचा कटर

लाकडाचा स्वस्त सेट, ज्यात एका चकतीत सात-आठ रिंगा बसवायच्या असतात, तो घेऊन लोक ग्रॅनाइटच्या ओट्याला भिडतात. ओट्याला ओरखडासुद्धा पडत नाही, रिंग मात्र वाकते. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल या दोन्हींना डायमंड कोअर बिटच हवा. त्याला दाते नसतात, कडेला हिऱ्याची भुकटी असते. तो कापत नाही, झिजवतो. म्हणून वेळ लागतो आणि पाणी लागतं.

याहून वाईट म्हणजे टाइलवर हॅमर चालू ठेवणं. ड्रिल मशीनवरचं हातोडीचं चिन्ह विटांच्या भिंतीसाठी आणि काँक्रीटसाठी आहे. टाइलवर ते चालू राहिलं की एक बारीक तडा कोपऱ्यापर्यंत जातो. मग दुकानदाराकडे तो नमुना असतो, पण त्या बॅचची शेड नसते. आमच्या इमारतीत एका बाथरूमच्या मधोमध अशी एक वेगळ्या रंगाची टाइल आहे. घरमालक पाहुण्यांना ती "डिझाइन" म्हणून दाखवतात.

बहुतेक डायमंड बिटांना मधला पायलट, म्हणजे कटरला जागेवर धरणारा बारीक बिट, नसतो, त्यामुळे सुरुवातीला तो टाइलवर घसरत फिरतो. मी प्लायच्या तुकड्यात त्याच मापाचं भोक पाडून ठेवलंय. तो तुकडा टाइलवर घट्ट धरायचा आणि त्यातून बिट चालवायचा. खाच पडली की प्लाय बाजूला. पाण्यासाठी झाकणाला भोक पाडलेली बाटली पुरते. कुणाला तरी हाताशी धरा आणि थोडं थोडं पाणी खाचेत सोडायला सांगा, मशीनवर नाही. वायरचं मशीन असेल तर आधी घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना ते बघा. नसेल तर बॅटरीचं मशीन मागून आणा. भोक संपत आलं की दाब कमी करा, नाहीतर ओट्याच्या खालच्या बाजूचा टवका उडतो.

प्लाय आणि दारं

फ्लश डोअरला गोल कुलूप बसवताना एकाच बाजूने आरपार जाऊ नका. पलीकडचा सनमायका फाटतो आणि मग कुलपाच्या चकतीखाली तो लपेल अशी आशा धरून बसावं लागतं. एका बाजूने चालवा, पायलटचं टोक पलीकडे दिसलं की थांबा, आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने कापा. मधूनमधून कटर बाहेर काढून भुसा झटका. भुसा साचला की लाकूड जळतं आणि घरभर वास सुटतो.

कपाटाच्या ऑटो हिंजला ३५ मिमी लागतं म्हणून तिथे होल सॉ लावणारेही भेटतात. अहो, ते भोक जेमतेम १२ मिमी खोल हवं असतं आणि प्लाय असतो १८ मिमीचा! होल सॉचा पायलट त्यातून आरपार जातो. त्यासाठी सपाट तळाचा हिंज कटर वेगळा मिळतो, तो घ्या.

भोक आधी छोटं पाडलं, आता मोठं करायचंय

मध्ये लाकूडच उरलेलं नाही, मग पायलट धरणार कशाला? कटर नाचतो आणि भोक चिंध्या झाल्यासारखं होतं. वर सांगितलेला प्लायचा तुकडा इथेही क्लॅम्पने आवळा. एलईडी दिव्यांच्या बाबतीत ही वेळ फार येते. खोक्यावर दिव्याचा बाहेरचा व्यास आणि कटआउट अशी दोन मापं असतात. कटआउट बघा. बाहेरच्या व्यासाचं भोक पाडलंत, तर दिवा थेट हातात पडतो.

आर्बरच्या, म्हणजे कटर मशीनला जोडणाऱ्या दांड्याच्या, दोन पिना कटरच्या भोकांत बसवायला विसरू नका. नाहीतर आटे असे आवळतात की पान्यालाही दाद देत नाहीत.

एसीच्या पाइपसाठी नऊ इंची भिंतीत होल सॉ घालू नका, कोअर कटिंगवाल्याला बोलवा. बीम-कॉलमला तर त्यालाही हात लावू देऊ नका.

टाकीचं माप

"पाण्याच्या टाकीला एक इंची पाइप जोडायचा आहे, एक इंची कटर द्या." नाही! एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या आसपास असतो, आणि टँक निप्पलचे (टाकीच्या भोकात बसवून पाइप जोडायच्या तुकड्याचे) आटे त्याहूनही जाड. निप्पल हातात घेऊन व्हर्नियरने मोजा, किंवा निप्पलच दुकानात न्या आणि कटर त्यावर धरून बघा. छोट्या कटरने भोक पाडून मग तापवलेल्या सुरीने वाढवणारे महाभाग मी पाहिलेत. तिथे वॉशर कधीच नीट बसत नाही, मग एम-सीलचे थर चढतात आणि पावसाळ्यापर्यंत टाकी पाझरतच राहते.

टाकीची भिंत गोल असते, त्यामुळे भोकासाठी त्यातल्या त्यात सपाट जागा शोधा. प्लास्टिक तापलं की वितळून दात्यांत बसतं, म्हणून इथेही हळूच. शेवटचा पापुद्रा उरला की मी मशीन उलटं फिरवतो, कड स्वच्छ येते. आणि भोक झालं की टाकीत उतरून कीस ओल्या फडक्याने पुसून काढा. नाहीतर तोच कीस आठवडाभराने खालच्या बेसिनच्या नळाच्या जाळीत अडकतो आणि लोक प्लंबरला बोलावतात.