पहिली ऑफशोअर रेस करायचीय? आधी झोपायला शिका

ऑफशोअर रेस, म्हणजे किनारा सोडून खोल समुद्रात दिवसरात्र चालणारी शिडाच्या बोटींची शर्यत, म्हटलं की डोळ्यांसमोर येतात डोंगराएवढ्या लाटा आणि चिंब भिजलेली माणसं. तसे प्रसंग येतातच, पण बहुतेक नवीन लोक मोडतात ते लाटांनी नाही, दुसऱ्या रात्री मोडतात, कारण पहिल्या दिवशी उत्साहात झोपलेच नाहीत, नीट खाल्लं नाही, पाणी प्यायले नाहीत आणि मोजे ओले झाले तरी बदलले नाहीत. ऑस्ट्रेलियातली सिडनी-होबार्ट रेस 628 सागरी मैलांची, इंग्लंडहून निघणारी फास्टनेट आता 695 मैलांची, मोठ्या बोटी दोनेक दिवसांत पोचतात पण पस्तीस-चाळीस फुटी बोटीला चार-पाच दिवस सहज लागतात, आणि तेवढा वेळ स्वतःला कामाच्या लायक ठेवणं हेच या खेळातलं मुख्य कसब आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी बोटीवर जागा कशी मिळवायची ते बघू. स्वतःची यॉट असायची गरज नाही, स्किपर, म्हणजे बोटीचे कप्तान, त्यांना क्रू कायम हवाच असतो. क्लबच्या छोट्या रेस करा, दर आठवड्याला वेळेवर हजर रहा, आणि मग रेस संपल्यावर बोट परत घेऊन जायची असते ना, त्या डिलिव्हरीला जायला तयार व्हा. रेसवाला क्रू तोवर विमानाने घरी गेलेला असतो आणि स्किपरला माणसं हवी असतात, तुम्हाला रात्रीचं सेलिंग शिकायला मिळतं, मैल नावावर जमा होतात आणि मोठ्या रेसना पात्र ठरायला तो अनुभव लागतोच. सी सर्व्हायवल कोर्ससुद्धा करून टाका. मोठ्या रेसमध्ये क्रूपैकी ठरावीक जणांनी तो केलेला असावाच लागतो, त्यामुळे तो केलेला माणूस आधी घेतला जातो. शिवाय पाण्यात, अंगावर फुगलेलं लाइफजॅकेट असताना राफ्टमध्ये, म्हणजे जीव वाचवायच्या फुगणाऱ्या तराफ्यात, चढणं किती अवघड आहे हे एकदा स्वतः अनुभवलंच पाहिजे.

समुद्र लागण्याबद्दल. लाज अजिबात बाळगू नका, जुन्या जाणत्यांनाही लागतो. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आधी जमिनीवर एकदा घेऊन बघा कारण काहींना फार गुंगी येते, आणि रेसला मळमळ सुरू व्हायची वाट न बघता निघण्याआधीच घ्या. मळमळायला लागलं तर क्षितिजाकडे बघत बसा, जमलं तर सुकाणू हातात मागून घ्या, त्याने खूप फरक पडतो. घोट घोट पाणी चालू ठेवा आणि उलटी वाऱ्याआडच्या बाजूलाच, क्लिपने स्वतःला बोटीला अडकवूनच.

आता झोप. वॉच, म्हणजे कामाची पाळी, बहुतेक बोटींवर दिवसा चार तास आणि रात्री तीन तासांची असते, म्हणजे रात्री तीन तास काम, तीन तास सुट्टी, पण त्या तीन तासांत कपडे काढणं-चढवणं आणि काहीतरी गरम खाणं आलंच, हातात राहतात जेमतेम दोन-सव्वादोन तास. म्हणून नियम सोपा आहे, वॉच संपली की गप्पा नाहीत, मोबाइल नाही, सरळ बंकमध्ये, म्हणजे झोपायच्या फळीवर. झोप लागली नाही तरी डोळे मिटून आडवं पडा. पहिल्याच दुपारी, अजून दमलेले नसताना, ही सवय लावलीत तर तिसऱ्या रात्री तुमचं डोकं चालेल. वजन वाऱ्याकडच्या बाजूला हवं म्हणून टॅक केलं, म्हणजे बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूने घेतला, की झोपलेल्यांनाही उठवून पलीकडच्या बंकमध्ये पाठवतात, चिडू नका, स्लीपिंग बॅग ओढत जा आणि परत झोपा. एक सुका थर्मलचा जोड आणि एक मोज्याची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि ती फक्त बंकसाठीच, बाहेर काहीही झालं तरी वापरायची नाही.

रात्री दोनला उठवतात तेव्हाचं सांगतो. केबिनमध्ये फक्त लाल दिवा, बोट वीस-पंचवीस अंशांत कललेली, खालच्या बाजूला दोन बोटं पाणी इकडून तिकडे. घाईने उभं राहून ट्राऊझर चढवायला गेलात की पडलातच, म्हणून खाली बसून, पाठ टेकवून, आधी ट्राऊझर मग बूट मग जॅकेट, सगळ्यात वर लाइफजॅकेट आणि त्याचा मांड्यांमधला पट्टा घट्ट, कारण तो नसेल तर पाण्यात जॅकेट डोक्यावरून वर सरकतं. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर, अजून आतच असताना, हात बाहेर काढून टेदरचा, म्हणजे तुम्हाला बोटीशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, हुक आधी लावायचा आणि तो खरंच बसलाय का ते ओढून बघायचं, आणि मगच डेकवर पाय. पुढे जाताना छोटा टेदर वापरा, म्हणजे घसरलात तरी रेलिंगच्या पलीकडे जाणार नाही. आधीच्या वॉचवाल्याला चार गोष्टी विचारा: वारा किती, कुठून, आसपास कुठल्या बोटी, कुठलं शीड वर आहे. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं जातात, तोवर सुकाणू मागू नका.

रीफ घ्यावा का, म्हणजे शीड गुंडाळून लहान करावं का, असा विचार मनात आला की घ्यायची वेळ झालेली असते. शीड कमी करायला उजेडात पाच मिनिटं लागतात, तेच काम अंधारात चाळीस नॉटच्या वाऱ्यात अर्धा तास खातं आणि माणसं जखमी होतात. 1979 च्या फास्टनेटमध्ये 303 बोटी निघाल्या, वादळात सापडल्या, फक्त 86 पोचल्या आणि 15 स्पर्धक दगावले. तेव्हा 24 बोटी क्रूने सोडून दिल्या होत्या, पण त्यातल्या बुडाल्या पाचच, बाकीच्या नंतर तरंगत सापडल्या. म्हणून शिकवतात की राफ्टमध्ये जायला पाऊल वर टाकावं लागेल, इतकी बोट खाली गेल्याशिवाय ती सोडायची नाही. 1998 च्या सिडनी-होबार्टमध्ये सहा जण दगावले. तिथे किनाऱ्याने प्रवाह दक्षिणेला वाहतो, त्याच्यावर दक्षिणेचा वारा उलटा आला की लाटा उंच, जवळजवळ आणि उभ्या होतात. हवामानाचा अंदाज बघताना वाऱ्याबरोबर प्रवाहाची दिशा बघायची ती यासाठी.

आणि एवढं करून जायचं कशाला? एकदा तरी किनारा नजरेआड गेल्यावरच्या रात्री सुकाणू धरा. बोट लाटेवरून उतरताना हातातलं ओझं अचानक हलकं होतं, मागे पाण्यात हिरवट उजेडाची रेघ उमटते, शेजारी कोणी बोलत नाही, आणि तुमच्या हातांवर विसंबून खाली पाच जण झोपलेत. मला तरी याहून मोठा विश्वास दुसऱ्या कुठल्या खेळात मिळालेला नाही.

शेवटचे मैल सगळ्यात फसवे. होबार्टला, जिथे रेस संपते, डरवेंट नदीत शिरलं की रात्री वारा पडतो, समोर शहराचे दिवे दिसतात आणि बोट जागची हलत नाही, अशा वेळी दमलेला क्रू ट्रिम, म्हणजे शिडं वाऱ्याप्रमाणे जुळवत राहणं, सोडून देतो. 2023 ला तिथे जवळपास 43 तासांनंतर पहिल्या दोन बोटींमध्ये अंतर होतं 51 सेकंदांचं. आणि तुम्ही छोट्या बोटीवर असाल तरी हॅंडिकॅपने, म्हणजे बोटीच्या वेगाच्या क्षमतेनुसार ठरलेल्या आकड्याने, वेळ गुणली जाते, दोन दिवस आधी पोचलेल्या बोटीला तुम्ही हरवू शकता, तेव्हा लाइन ओलांडेपर्यंत एक जण शिडाकडेच बघत बसलेला हवा, आणि तो झोप झालेल्या वॉचमधलाच निवडा.