जागतिक हस्तकला नगरीचा अर्ज : नाशिकने आधी काय काय हाताशी ठेवावं

सगळ्यात आधी अर्ज कुणाकडे करायचा ते ठरवा. मान्यता दोन आहेत आणि बैठकीत त्यांची हमखास सरमिसळ होते. ‘जागतिक हस्तकला नगरी’ हा मान जागतिक हस्तकला परिषद देते. ही १९६४ साली स्थापन झालेली बिगरसरकारी संस्था, तिच्या संस्थापकांत कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. दुसरी मान्यता युनेस्कोची. सर्जनशील शहरांचं त्यांचं जाळं २००४ पासून आहे आणि हस्तकला व लोककला हे त्यातलं एक क्षेत्र. जयपूर तिथे २०१५ मध्ये गेलं, श्रीनगर २०२१ मध्ये. श्रीनगरला परिषदेचा मान मिळाला तो २०२४ मध्ये. एक पदरात पडली की दुसरी मागोमाग येते, असं नाही.

नाशिकने परिषदेपासून सुरुवात करावी. युनेस्कोची फेरी विषम वर्षी निघते, अलीकडच्या फेऱ्यांत एका देशातून जास्तीत जास्त दोनच शहरं आणि तीही वेगवेगळ्या क्षेत्रांतली, शिवाय हस्तकलेत भारताची दोन शहरं आधीच बसलेली. हाच क्रम राहिला तर पुढची फेरी २०२७ ची, म्हणजे ऐन सिंहस्थातली. तेव्हा महापालिकेत कागदावर सही करायला माणूस सापडेल, कागद वाचायला सापडणार नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. हस्तकला म्हटलं की सगळे पैठणीवर बोट ठेवतात, पण पैठणीचे माग येवल्यात आहेत. येवला नाशिक शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, त्याची नगरपरिषद वेगळी. नाशिक शहराच्या अर्जात येवल्याचे विणकर मोजले तर पडताळणीच्या पहिल्याच दिवशी आकडा कोसळतो. खरं तर येवल्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायला हरकत नाही. तामिळनाडूतलं मामल्लपुरम काही महानगर नाही, तरी दगडी कोरीवकामासाठी २०१५ मध्ये त्याला परिषदेचा मान मिळाला. इराणमधलं लालेजीन हे मातीच्या भांड्यांचं छोटं गावही त्या यादीत आहे. शहराने आपल्या हद्दीतलं तांब्या-पितळेचं काम पुढे करावं, पैठणी जिल्ह्याची पार्श्वभूमी म्हणून एका परिच्छेदात यावी.

मग कारागिरांची शिरगणती. सगळा अर्ज तिच्यावर उभा असतो आणि सगळ्यात घाईत तीच उरकली जाते. जुनी तांबट लेन, भांडी बाजार, सराफ बाजार आणि आजूबाजूच्या गल्ल्या घरोघर फिरा. दुकानांच्या पाट्या मोजू नका. दुकानात मांडलेलं पितळ मुरादाबादहून आलेलं असू शकतं, त्यामुळे विकणारा आणि घडवणारा यांचे रकाने वेगळे हवेत. फॉर्ममध्ये नाव-वय, नेमकं काय करतो (पत्रा कापणं, जोड, ठोकाई, मठार म्हणजे शेवटचे हातोडीचे ठोके, कल्हई), किती वर्षं, कुणाकडून शिकला, जागा स्वतःची की भाड्याची, महिन्याचं काम आणि हाताखाली शिकणारा कुणी आहे का, एवढं पुरे. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण कला पुढे चालेल का याचं उत्तर तिथेच मिळतं. बायकांचं काम स्वतंत्र विचारा. भांडं घासून उजळणं किंवा येवल्यात कांड्या भरणं (विणायचा धागा कांडीवर गुंडाळणं) याला घरातला पुरुष ‘काम’ म्हणत नाही, आणि निम्मे हात यादीतून गळतात. आधी दहा फॉर्म भरून बघा, अडलेले प्रश्न बदला, मगच छापा. एकच माणूस घरच्या पत्त्यावर आणि कारखान्याच्या पत्त्यावर दोनदा येतो, म्हणून फोन नंबरवरून यादी चाळून घ्या.

ओळखपत्रांत एक गफलत ठरलेली. हस्तकलेच्या कारागिराचं ‘पहचान’ कार्ड हस्तकला विकास आयुक्तांकडून मिळतं. हातमाग विणकराचं कार्ड हातमाग विकास आयुक्तांचं. दोन्ही वस्त्रोद्योग मंत्रालयाचीच, पण खिडक्या वेगळ्या. पैठणीवाल्यांकडे हस्तकलेचं पहचान कार्ड मागत बसलात तर महिना वाया. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नुसतं असून भागत नाही. प्रत्यक्ष विणणाऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, ती किती जणांची झाली आहे तेवढाच आकडा लिहा. नमुना निवडताना पदर उलटून पाहा. हाताने अडकवून विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, जॅकार्डवर (नक्षी आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेच्या मागावर) काढलेली असेल तर मागे धागे मोकळे लोंबतात किंवा कापलेले असतात.

प्रक्रियेची नोंद कारागिराच्या शब्दांतच ठेवा. तांब्याच्या घागरीचं उदाहरण घ्या. पत्रा कातरून कडांना दाते पाडतात, ते एकमेकांत बसवून टाकणखार आणि झाळ (जोडायचा मिश्रधातू) घालून भट्टीत जोडतात. ठोकत गेलं की तांबं कडक होतं. मधेमधे लाल करून नरम केलं नाही तर गळ्याशी चीर जाते. शेवटी मठार. गोलगोल फिरत, एकाच्या कडेवर दुसरा असे हातोडीचे ठोके. हे शोभेसाठी आहे असं लिहिलं तर जाणकार हसेल, कारण मठारल्याने पातळ पत्र्याला ताठपणा येतो. यंत्राने दाबलेले खळगे अगदी एका मापाचे आणि रांगेत असतात, हाताचे किंचित मागेपुढे. जवळून घेतलेला एक फोटो हा फरक दाखवतो. चित्रीकरणाला भट्टीवर मोठे दिवे लावू नका. तांबं किती तापलं हे तांबट त्याच्या रंगावरून ओळखतो आणि तो रंग अंधारातच कळतो, दिव्याखाली जोड हमखास बिघडतो. कल्हई दाखवायची असेल तर कथील आणि नवसागर आधी आणून ठेवा. कथील २३२ अंशाला वितळतं, भांडं फार तापलं की ते काळवंडतं आणि पुसताना चकाकी येत नाही.

कागदपत्रांत महासभेचा ठराव हवाच, आणि त्यात लेखाशीर्ष व रक्कम हवी; ‘शक्य तेवढं सहकार्य’ असा ठराव म्हणजे कोरा कागद. फोटोंसोबत छायाचित्रकाराचं वापरपरवानगीचं पत्र आणि ज्याचा चेहरा दिसतो त्याची संमती त्याच दिवशी घ्या, नंतर माणूस सापडत नाही. अर्ज इंग्रजीत जाणार, पण भाषांतर करणाऱ्याला आधी एक सकाळ कारखान्यात बसवा. नाहीतर मठार, ठोकाई आणि पिटाई या तिन्हींचा एकच शब्द होतो.

परिषदेचे तज्ज्ञ प्रत्यक्ष पाहायला येतात. तारीख तुमच्या हातात असेल तर जुलै ते सप्टेंबर टाळा. गोदेला पूर आला की पाणी भांडी बाजार, सराफ बाजारापर्यंत चढतं, आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाल्यावर पाहुण्यांना कुठे फिरवणार? बाजाराच्या सुट्टीचा वारही तपासा. फेरी पायीच ठेवा, तीन कारखाने पुष्कळ झाले. प्रत्येक ठिकाणी एकाच घागरीचे चार टप्पे अर्धवट करून ठेवायला सांगा, कापलेला पत्रा, जोडलेला गळा, न मठारलेला पोटाचा भाग आणि पूर्ण झालेलं भांडं, कारण एक घागर पाहुण्यांसमोर तासाभरात होत नाही. आणि भट्टी सकाळीच पेटवून ठेवा, तिला धग धरायला वेळ लागतो.