टेप लायब्ररी अधूनमधून गायब व्हायची, त्याचा छडा

मे महिन्यात आमच्या धरमपेठेतल्या ऑफिसात टेप लायब्ररीवर, म्हणजे टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्रावर, जाणारा रात्रीचा बॅकअप अर्ध्यावर तुटू लागला; यंत्र सर्व्हरला दिसेनासंच व्हायचं. नागपूरचं ऊन, त्यामुळे सगळ्यांचा संशय एसीवर. पण टेपअलर्टमध्ये, म्हणजे यंत्र स्वतः देतं त्या क्रमांकित इशाऱ्यांत, ड्राइव्हच्या (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाच्या) तापमानाचा ३६ नंबरचा इशारा नव्हताच. लॉगमध्ये होता सेन्स कोड (यंत्राने कळवलेला बिघाडाचा कोड) ०८/०१, म्हणजे संपर्काचा टाइमआउट. टेप खराब असती तर सेन्स की (बिघाडाचा मुख्य प्रकार) ३ आली असती, म्हणून टेपा बदलण्यात वेळ घालवला नाही.

खरी गोम पुढे आहे. लहान लायब्ररीत रोबोटला, म्हणजे टेपा ने-आण करणाऱ्या भागाला, बहुधा वेगळी केबल नसते. ड्राइव्ह लन (एकाच जोडणीमागच्या उपकरणाचा क्रमांक) ० वर आणि रोबोट त्याच ड्राइव्हमधून लन १ वर दिसतो. फक्त रोबोट गायब झाला, तर ड्राइव्ह आणि लायब्ररीच्या कंट्रोलरमधला आतला दुवा तपासा. आमच्याकडे दोन्ही एकदमच जायचे, म्हणजे सर्व्हरकडची बाजू. लिनक्समध्ये सॅस फायचे (सॅस केबलच्या पोर्टमधल्या सर्किटचे) 'इनव्हॅलिड डीवर्ड'चे, म्हणजे बिघडून आलेल्या डेटाचे, आकडे पाहिले, ते वाढत होते. केबल सर्व्हरमधल्या कार्डाच्या दुसऱ्या पोर्टला लावली, वाढही तिथेच गेली; म्हणजे दोष पोर्टचा नव्हता, केबलकडे संशय गेला. रॅकमागच्या केबलींच्या जुडग्याच्या ओढीने तिचा कनेक्टर तिरका झाला होता.

नवी केबल सैल वळणाने बांधली. आधी लायब्ररी सुरू केली, ती तयार झाल्यावरच सर्व्हर. आता आकडे शून्यावर आहेत.