वणवा लागलेल्या माळावर लगेच खड्डे मारू नका

बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला यंदा ज्यांच्या माळाला नायतर काजूच्या वरच्या डोंगराला वणवा लागला त्यांच्यासाठी हे लिहितोय. काळा पडलेला माळ बघून जीव तुटतो आणि मग माणूस पयल्या पावसात मिळेल ते रोप आणून लावतो. थांबा. करवंद, धायटी, तोरण, कुंभा वरनं जळले तरी बुडात बऱ्याचदा जिवंत असतात, चांगले पाऊस झाले की कोंब फुटतात, तवा आधी फिरून बगा आणि कोंब दिसेल तिथं काठी रोवून चिंधी बांधा, म्हणजे तण काढताना विळ्याखाली जायचे नाहीत.

खरा त्रास रानमोडी या रानटी झुडपाचा. जळली म्हणजे मेली असं समजू नका, ती बुडातनं परत फुटते, वर वाऱ्यानं उडून आलेलं बी मोकळ्या उन्हाच्या जागेत भराभर उगवतं, जनावरं तिला तोंड लावत नाहीत आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच वाळलेली काटकं परत पेटतात. जून-जुलैत जमीन ओली असताना मुळासकट उपटा, नुसती कापली तर फुटवे येतात. राहिलेली थंडीत फुलायच्या आत काढा. बांधावर चाऱ्याला लावलेलं गिनी गवतपण फुलोऱ्याआधी कापत जावा, वाळलं की लई जोरात पेटतंय.

आणि नवीन गवत चांगलं येतंय म्हणून माळ पेटवायचं आता बंद करा राव! कुसळी गवताचं बी टोकदार कुसळानं मातीत घुसून आगीतनं वाचतं, झुडपांची कोवळी रोपं मात्र जळून जातात, म्हणून दरवर्षी पेटणाऱ्या माळावर शेवटी कुसळीच उरते.

जिथं कायच फुटलं नाही तिथंच नवीन लावा. पिकलेली करवंदं, जांभळं पावसाच्या तोंडावर मिळतात, गर धुवून बी ताजंच माती भरलेल्या पिशवीत लावा, वाळवून ठेवलं तर उगवत नाही. रोपं पुढच्या मृगात लावायची. फुकट मिळाली तरी निलगिरी, अकेशिया नको. भोवती काटेरी फांद्या टाका, शेळ्या निदान दोन वर्षं लांब ठेवा.

दिवाळी झाली की कडेनं दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून साफ करा, कापलेलं तिथंच ठेवू नका. डोंगर फॉरेस्टचा असेल, भीमगड अभयारण्याच्या बाजूला तर हमखास, तर काय उपटायच्या-लावायच्या आधी गार्डला विचारून घ्या.