कॉम्प्युटर बंद, तरी मीटर चालू

लालबागला चाळीतल्या आमच्या खोलीत मी गेली चौदा वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, मंडळांची पावतीपुस्तकं. सकाळी कॉम्प्युटर लावला की तो दिवसरात्र चालूच, रात्री फक्त मॉनिटरचं बटण दाबून झोपायचं. जुन्या हार्ड डिस्कवर मशीन सुरू व्हायलाच चार मिनिटं लागायची, आणि सारखं बंद-चालू केलं की बिघडतं असं मनात पक्कं बसलेलं. मागच्या मे महिन्यात बेस्टचं विजेचं बिल 132 युनिटांचं आलं, तेव्हा ठरवलं की कोण किती खातंय ते आधी मोजायचं.

मोजायला काही विकत आणावं लागत नाही. जिन्याखाली आपापल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर 3200 आहे, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. पंधरा मिनिटांत दूध नासत नाही. फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा. एकाने खाली मीटरपाशी उभं राहायचं, कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मी वर घड्याळ घेऊन बसले आणि मुलगा खालून मोबाईलवर मोजत होता, "आई, झाला एक... दोन..." दहा वेळा लुकलुकायला 150 सेकंद लागले, म्हणजे एकाला 15. एक युनिट म्हणजे 1000 वॅट गुणिले 3600 सेकंद, म्हणजे 36 लाख. आता या 36 लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागा. 3200 असेल तर 1125 येतात. त्यांना पुन्हा या 15 ने भागलं की 75. इतके वॅट माझं मशीन खात होतं, तेही मॉनिटर बंद असताना आणि कोणी त्याला हातही लावत नसताना.

रात्री 11 ते सकाळी 7 असे आठ तास धरले, तर महिन्याची 18 युनिटं झाली. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. पूर्वीचा 75 चा पिवळा बल्ब आठवतो ना, तसा एक बल्ब आम्ही मे महिन्यात रात्रभर उशाशी लावून झोपत होतो.

म्हणून पहिलं काम, रात्री सरळ शट डाऊन. रोज बंद केल्याने आजचं मशीन बिघडत नाही. सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून बंद करावंसं वाटत नसेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या. तिने वीज वाचते ती चार-पाच वॅटच, पण मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होतं आणि मग बंद करायचा कंटाळा येत नाही. माझ्यासाठी सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

शट डाऊन करून पुन्हा मीटर बघितला. दिवा विझायला हवा होता, पण दर 90 सेकंदांनी तो लुकलुकतच होता. साडेबारा वॅट! वर येऊन टेबलाखाली हात घातला. लाईट गेली की कॉम्प्युटरला बॅटरीवर चालू ठेवणारा यूपीएसचा डबा कोमट, स्पीकरचा अडॅप्टरही कोमट. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत ही मंडळी वीज खातच असतात. माझी रात्रीपुरती महिन्याला 3 युनिटं जात होती. पण ज्यांच्याकडे कॉम्प्युटर कधीमधीच लागतो आणि यूपीएस मात्र बारा महिने चालू, त्यांची महिन्याला 9 जातील. बंद करायचा क्रम लक्षात ठेवा: आधी शट डाऊन, मग यूपीएसवरचं बटण, शेवटी भिंतीवरचं. उलटं केलंत तर लाईट गेली असं समजून यूपीएस बॅटरीवर चालू होतो आणि ओरडत बसतो.

दुपारी 1 ते 4 मी मशीनवर नसते. तेवढ्यासाठी स्लीप पुरतं, म्हणजे उघडं काम तसंच ठेवून मशीन डुलकी घेतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग पॉवर, तिथे स्क्रीनला 5 मिनिटं आणि स्लीपला 15 मिनिटं ठेवा. स्लीपमध्ये मशीन दोन-तीन वॅटच घेतं, पण तेव्हा यूपीएस बंद करायचा नाही, नाहीतर सेव्ह न केलेलं काम गेलंच. फाईली उघड्या ठेवून सगळं बंद करायचं असेल तर हायबरनेट वापरा. ते काम डिस्कवर लिहून ठेवतं. हा पर्याय दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करायचं ते ठरवतो तिथे, त्याच्यावर टिक करावी लागते. मशीन मध्यरात्री आपोआप जागं होत असेल तर तिथल्याच ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये वेक टायमर्स बंद करा.

सासूबाईंना स्क्रीनसेव्हरमधले मासे फार आवडायचे, पण मासे पोहत असतात तेव्हा मॉनिटर पूर्ण वीज घेतो. जुन्या डबा मॉनिटरच्या काचेवर चित्राचा डाग पडू नये म्हणून ती सोय होती. काळा वॉलपेपर लावूनही काही मिळत नाही, कारण एलसीडीच्या मागचा दिवा जळतच असतो. ब्राइटनेस कमी करा. मी 40 वर ठेवते, पत्रिकेचे रंग तपासायचे असतील तेवढ्यापुरता वाढवते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखे तेवढेच चालू असताना, बिल 108 युनिटांचं आलं. बिलात 100 च्या वरच्या युनिटांना पुढच्या स्लॅबचा चढा दर लागतो. आधी 32 युनिटं त्या दराने जायची, आता 8. म्हणजे वाचली ती सगळी महागातली युनिटं.

आणि गणपतीला गावाला जाऊन आलात की कामाला बसण्याआधी यूपीएस पाच-सहा तास चार्जिंगला लावा. बंद पडून राहिला की त्याची बॅटरी हळूहळू उतरते, आणि तशीच महिनोन्‌महिने उतरलेली राहिली तर बदलावीच लागते.