लाकडाच्या लगद्याची आयात: छोट्या देशाचे आकडे वाचताना या चुका टाळा

कुठल्याही देशाच्या लगदा-आयातीचा वीस-पंचवीस वर्षांचा आलेख काढला की त्यात कुठे चढण दिसते, कुठे खड्डा. लगेच खाली ओळ पडते: ‘कागदाची मागणी वाढली’, नाहीतर ‘मोबाइल आला, कागद गेला’. मोठ्या देशाच्या बाबतीत असे ठोकून दिलेले खपून जाते. मध्य युरोपातल्या स्लोव्हेनियात जेमतेम एकवीस लाख लोक राहतात आणि लगदा विकत घेणाऱ्या मोठ्या गिरण्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. तिथे एका गिरणीच्या फाटकाला कुलूप लागले तरी देशाची रेष हलते. म्हणून हाच देश उदाहरणाला घेतो.

गिरण्यांची यादी न करताच आलेख काढणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सावा नदीकाठच्या क्रश्को गावात विपाप हा लगदा-कागदाचा कारखाना १९३९ पासून आहे. २००६ मध्ये तिथे लगदा करणे थांबले. कागदाची यंत्रे चालू राहिली, पण वर्तमानपत्राच्या कागदासाठी मुख्य भिस्त रद्दीवर आली. आता विचार करा. या कारखान्याचा लगदा घेणारी देशातली दुसरी कोणती गिरणी असेल, तर तिला तोच माल बाहेरून आणावा लागणार. देशात एक ताव जास्त तयार न होता आयात वाढलेली दिसणार. उलट विपापची स्वतःची गरज लगद्याच्या खात्यातून निघून रद्दीच्या खात्यात जाणार. एकाच घटनेचे परिणाम दोन वेगळ्या ओळींत, आणि आपण बघतो एकच ओळ.

तेव्हा आधी कागद-पेन घ्या. लुब्लियानाजवळ वेव्चे, मुख्यतः लेबलांचा कागद. मेद्वोदेजवळ गोरिचाने. ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून पालोमा, टिश्यूवाली. कोलिचेवोत पुठ्ठा. कोण काय बनवते, कोणाची मालकी कधी बदलली, कोणते यंत्र कधी थांबले, एवढे लिहून काढले की आलेखातले बरेचसे खड्डे आपोआप बोलू लागतात.

२००४ ते २००७ एका दमात जोडणे

या चार वर्षांत स्लोव्हेनियात तीन गोष्टी एकमेकींच्या अंगावर आल्या. १ मे २००४ ला देश युरोपीय संघात गेला. तोवर ऑस्ट्रियातून येणाऱ्या मालाचा जकातीचा कागद व्हायचा, त्यावरून आकडा बनायचा. नंतर संघातल्या देशांमधला व्यापार कंपन्या स्वतः कळवू लागल्या, त्यातही ठरावीक मर्यादेखालच्या छोट्या कंपन्यांना सूट. म्हणजे मोजणारा बदलला आणि मोजपट्टीही. त्यावर २००६ चा क्रश्कोचा निर्णय. आणि १ जानेवारी २००७ ला टोलार जाऊन युरो आला, एका युरोला २३९.६४ टोलार या दराने. जुन्या टोलारच्या आकड्यांना सरसकट हाच दर लावून युरो काढणारेही भेटतात. १९९५ च्या टोलारला २००७ चा दर लावून काय साधणार?

उपाय सोपा आहे. आलेखावर या तिन्ही ठिकाणी उभ्या तुटक रेषा मारा आणि त्यांच्या अलीकडचे व पलीकडचे कल वेगवेगळे मोजा. सलग टक्केवारी काढायचा मोह आवरा.

‘लगदा’ म्हणून सगळे प्रकरण ४७ उचलणे

आयातीचे आकडे मालाच्या जागतिक कोडांनुसार लावलेले असतात आणि त्यातले प्रकरण ४७ लगदा व रद्दीचे. जीएसटीच्या बिलावर जो एचएसएन नंबर असतो, त्याचे मूळ हेच कोड. ४७०१ म्हणजे लाकूड घासून-दळून काढलेला लगदा, ४७०३ सल्फेट किंवा सोडा पद्धतीचा, ४७०४ सल्फाइटचा, ४७०५ यांत्रिक-रासायनिक मिश्र पद्धतीचा. इथवर ठीक. ४७०६ मध्ये रद्दीचा लगदा येतो, आणि बांबूचाही. ४७०७ तर चक्क रद्दी. हे दोन बेरजेत घेतले तर लाकडाचा हिशेब उरतच नाही. शिवाय ४७०२ जपून हाताळा: तो विद्राव्य लगदा, प्रामुख्याने व्हिस्कोससारख्या धाग्यासाठी. आपल्या आदित्य बिर्ला समूहाने २०११ मध्ये स्वीडनचा डोम्स्यो कारखाना घेतला तो याच मालासाठी. कागदाच्या मागणीवर लिहिताना ४७०२ बाजूला काढा.

पैशालाच माल समजणे

लगद्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो आणि जोरात उड्या मारतो. २७ फेब्रुवारी २०१० ला चिलीत भूकंप झाला, तिथले लगद्याचे कारखाने बंद पडले आणि जगभर भाव चढले. २०२२ च्या सुरुवातीला फिनलंडमध्ये यूपीएम या लगदा-कागद कंपनीच्या कामगारांचा काही महिने संप चालला, तेव्हाही बाजार आधीच तापलेला होता. अशा वर्षी आयातीचे मूल्य फुगलेले दिसते आणि वजन जागच्या जागी असते. प्रत्येक महिन्याच्या मूल्याला वजनाने भागा. किलोचा भाव अचानक निम्म्यावर आला तर टायपिंगची चूक तरी असेल, नाहीतर माल ओला आला असेल. व्यवहारात हवेवर सुकलेला लगदा १० टक्के ओलाव्याचा धरतात. ओल्या गासडीत त्याच्या कितीतरी पट पाणी असते आणि जकातीच्या निव्वळ वजनात ते पाणीही धरलेले असते.

पाठवणाऱ्या देशालाच मूळ देश मानणे

ब्राझीलचा निलगिरीचा लगदा रॉटरडॅमला उतरतो, तिथेच जकात भरून मोकळा होतो आणि मग ट्रकने किंवा रेल्वेने पुढे जातो. स्लोव्हेनियाच्या खात्यात पुरवठादार म्हणून नेदरलँड्सचे नाव लागते. त्यावरून डच जंगलांवर लेख लिहू नका. उलटेही होते: ऑस्ट्रिया आणि हंगेरीकडे जाणारा माल स्लोव्हेनियाच्या कोपर बंदरातून जातो. नुसता पुढे निघून गेलेला माल मोजत नाहीत, पण कोपरलाच जकात भरलेला माल आधी आयातीत आणि मग निर्यातीत दिसू शकतो. म्हणून आयातीशेजारी त्याच कोडची निर्यात मांडून वजाबाकी करा.

रिकामा रकाना म्हणजे शून्य समजणे

एखादा प्रकार देशात एकच कंपनी मागवत असेल, तर तिच्या विनंतीवरून सांख्यिकी कार्यालय तो आकडा झाकून ठेवू शकते. सहा अंकी कोडची (म्हणजे चार अंकी कोडच्या आतल्या उपप्रकाराची) ओळ मध्येच नाहीशी होते आणि प्रकरणाची एकूण बेरीज तशीच राहते. दिसणाऱ्या ओळींची बेरीज या एकूण बेरजेतून वजा केली तर झाकलेल्या मालाचा अंदाज येतो. तोही जमला नाही तर त्या वर्षी रेष तोडा, शून्यावर आणू नका.