पडायची भीती, पकडीतला राग: ज्युडोत या चुका टाळा

रँडोरी (सरावाची मोकळी लढत) सुरू होते आणि दहाव्या सेकंदाला कोपरं ताठ, कंबर मागं, नजर समोरच्याच्या पायांवर. बघणाऱ्याला वाटतं तंत्र कच्चं आहे. बऱ्याचदा तंत्र ठीकच असतं, पडायची भीती अंगात शिरलेली असते.

कंबर खाली घेऊन बचावाला उभं राहण्याला जिगोताई म्हणतात. पण नुसतं त्यात अडकून पडलात तर स्वतःचा डाव निघत नाही, आणि स्पर्धेत पंच निष्क्रियतेबद्दल शिदो, म्हणजे दंड, देतात. तीन शिदो झाले की लढत गेली. यावर उपाय जुनाच: उकेमी, म्हणजे इजा न होता पडायचं तंत्र. पट्टा कुठल्याही रंगाचा असो, हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि हाताचा तडाखा अंगापासून जरा दूर. मग जोडीदाराला सांगा, दहा वेळा फेक, मी अडवणार नाही. सातव्या-आठव्या पडण्याला खांदे आपोआप सैल पडतात.

दुसरी चूक म्हणजे रँडोरीत गुण मोजत बसणं. नवख्याला ताकदीनं दाबून पाडलं, तर हाती काय लागलं? ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. त्यांच्या ‘सेइर्योकु झेन्यो’ या तत्त्वाचा अर्थच शक्तीचा उत्तम वापर. म्हणून मॅटवर उतरण्याआधी एकच डाव ठरवा, समजा ओउची-गारी (आतून पाय अडकवून मागं पाडायचा डाव), आणि दहा वेळा फसला तरी तोच लावा. अवघड जातं, कारण हरताना दिसायला कुणाला आवडतं?

राग आला की पकड घट्ट होते आणि समोरच्याला तुमची हालचाल आधीच कळते. पंचांच्या ‘मात्ते’ (थांबा) या पुकाऱ्यानंतरचे ते काही सेकंद मी कितीतरी दिवस पंचांकडे डोळे वटारण्यात घालवले. आता ज्युडोगी (ज्युडोचा पोशाख) नीट करतो, पट्टा आवळतो, एक लांब श्वास सोडतो. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या अँटन गीसिंकनं जपानच्या अकिओ कामिनागाला हरवलं, तेव्हा मॅटवर धावत येणाऱ्या आपल्याच पाठीराख्यांना त्यानं हात वर करून थोपवलं होतं. जिंकल्यावरही डोकं इतकं ताळ्यावर!

उचिकोमीत, म्हणजे न पाडता एकच डाव पुन्हा पुन्हा लावायच्या सरावात, शंभरचा आकडा गाठायची घाईही सोडा. लक्ष उडालं की बाहीवरच्या हाताची ओढ सर्वांत आधी जाते, म्हणजे कुझुशीच (समोरच्याचा तोल घालवणं) संपते. दहा-दहाचे संच करा, ओढ गेली की थांबा.

आणि डोकं आपटलं असेल, तर ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला त्या वेळी ऐकू नका. प्रशिक्षकांना सांगून बाहेर बसा, डॉक्टरांना दाखवा.